मामीच्या उंबऱ्यावरचं पहिलं पाऊल

माझ्या नावावर छापून आलेल्या कथांपैकी लोकांना एकच आठवते, आणि नेमकी तीच सगळ्यात खोटी आहे. सायगाव शहरातला एक तरुण. दूरच्या नोकरीवरून तो त्यांच्या नव्या वर्षाला, म्हणजे टेटला, घरी यायला निघतो. वाटेतला पूल तुटलेला, अंगात ताप, तरी येतो. दारात म्हातारा बाप उभा. पोरगा बापाच्या पायांवर डोकं ठेवतो आणि मागे अंगणातल्या बर्फावर त्याच्या पावलांचे ठसे. समाप्त. सायगावात बर्फ! जिथं माणसं जानेवारीतही बनियनवर हिंडतात तिथं मी अंगणभर बर्फ पसरला, कारण शेवट ठशांवर करायचा हे मी आधीच ठरवून बसलो होतो, आणि ठशांना काहीतरी पांढरं लागतं.

वाचकांची पत्रं आली. एका निवृत्त हेडमास्तरांनी कळवलं की कथा वाचून त्यांची कुटुंबावरची श्रद्धा दृढ झाली. ज्याने ती दृढ केली तो इसम त्या वर्षी स्वतः काय करत होता, ते आता सांगतो. अशा ठिकाणी ‘सांगायला लाज वाटते’ असं लिहायची पद्धत आहे. मला तितकीशी वाटत नाही. लाज वाटायला हवी ती या न वाटण्याचीच.

एकोणीसशे साठच्या दशकातली मधली वर्षं. मी दुबईत एका जहाज एजंटाच्या ऑफिसात क्लार्क होतो. आज दुबईतल्याच करामा वस्तीत माझ्या नातवंडांना सांगितलं की इथं तेव्हा नुसती वाळू होती, तर ती ‘ओके, दादाजी’ म्हणतात आणि पुन्हा टीव्हीकडे बघतात. खाडीचे दोन काठ, दोन्ही काठांवर बाजार, मधे ये-जा करणाऱ्या अब्रा नावाच्या होड्या, आणि संपलं शहर. मी दिवसभर मालाच्या याद्या टाइप करायचो: चहाची खोकी, तांदळाची पोती, छत्र्या. संध्याकाळी त्याच टाइपरायटरशेजारी बसून हाताने कथा लिहायचो. त्या मुंबईला जायच्या आणि ‘साभार परत’ यायच्या. आमच्या एजंटाचं एकही खोकं इतक्या नियमाने परत आलं नव्हतं.

खोलीत माझ्याबरोबर एक चाचा राहायचे. रक्ताचे नव्हेत. कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, एका गोदामाचे स्टोअरकीपर. वय पन्नाशीचं, आवाज वाझ, म्हणजे प्रवचन, करणाऱ्या मौलवीसारखा. आईच्या पायाखाली जन्नत असते हे ते रोज एकदा तरी सांगायचे. त्यांचे आईबाप दोघंही हयात होते, नव्वदीला टेकलेले, आणि चाचा सात वर्षांत त्यांना भेटायला गेले नव्हते. जन्नत तिथंच आहे, कुठं पळून जात नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मी त्यांना मनातल्या मनात ढोंगी म्हणायचो. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

एकदा मुंबईच्या एका संपादकांचं परतीच्या कथेसोबत दोन ओळींचं पत्र आलं. पुढच्या दिवाळी अंकासाठी त्यांना परदेशी वातावरणाची कौटुंबिक कथा हवी होती, ‘वेगळी पार्श्वभूमी, पण भावना आपल्याच’. अरबांवर लिहावं तर मला अरब म्हणजे ऑफिसातला दरवान आणि कस्टमचा शिपाई एवढेच ठाऊक. मग मला मामी आठवली आणि मी खूश झालो, म्हणजे चोराला उघडी खिडकी दिसावी तसा.

मामी सायगावची. आमच्या गावचे एक सारंग, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे मुकादम, नात्याने मला लांबचे मामू, यांचं जहाज दुरुस्तीसाठी तिकडे तीन महिने अडकलं होतं. गोदीबाहेर एक तरुण विधवा भाताची आणि माशाच्या कढणाची गाडी लावायची. तिला पाच वर्षांची मुलगी होती. मामूंनी तिथल्या मशिदीत कलमा पढवून निकाह केला. मामीच्या आईची एकच अट होती: नात माझ्यापाशी राहील. मामीने ती मान्य केली, आणि त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की तिला त्याचा पस्तावा झाला नाही. हे तिने मला सांगितलं नव्हतं. तिच्या शिवणाच्या पेटीत दर वर्षी एक नवा फ्रॉक वाढायचा, त्यावरून कळायचं. मुलगी केवढी झाली असेल याचा अंदाज घेऊन ती शिवायची, आणि चुकू नये म्हणून दोन मापांत शिवायची.

मामूंनी तिला आधी आमच्या गावात आणलं. ती सायगावची म्हटल्यावर म्हाताऱ्यांना वाटलं घाटावरची असेल. तोंड पाहिल्यावर त्यांनी तो विचार सोडला. वर्षभर आमच्या रत्नागिरीच्या बायांनी तिच्या डोळ्यांवरून, नाकावरून, भात खायच्या काड्यांवरून जे टोमणे मारले, त्यातून ती आमची बोली शिकली. त्यामुळे तिचं मराठी कोकणी, खणखणीत आणि थोडं भांडखोर होतं. मग खाडीतला गाळ काढायचं काम निघालं, मामूंना बार्जवर जागा मिळाली आणि दोघं दुबईला आली. पलीकडच्या काठावर, बर दुबईत, खजुराच्या झावळ्यांच्या दोन खोल्या.

तिच्या नव्या वर्षाचा पत्ता आम्हां कुणालाच नव्हता. ते पौषातली अमावास्या सरली की दुसऱ्या दिवशी येतं, आणि त्या एक-दोन वर्षांत नेमकी आमची ईद त्याच्या पाठोपाठ पडत होती. तिने घर सारवल्यासारखं घासलं, आम्ही म्हटलं ईद आली. तिने नवे कपडे शिवले, आम्ही म्हटलं ईद आली. शेजारच्या पोरांना लाल कागदात घडी करून नाणी दिली, पोरं म्हणाली ईदी जरा लवकर मिळाली. ती रोजे आमच्याइतकेच पाळायची, खरं तर माझ्याहून जास्त. पण आमच्या सणाच्या झाकणाखाली तिने तिचा सण शिजवत ठेवला होता आणि कुणालाही वास आला नव्हता.

वास मला आला तो एका बाभळीच्या वाळक्या फांदीमुळे. फांदी मडक्यात खोवलेली, तिला पिवळ्या कागदाची फुलं बांधलेली. मी विचारलं, मामी म्हणाली, आमच्याकडे नव्या वर्षाला पिवळी फुलं लागतात, इथं वाळू आहे म्हणून कागदाची. मी खिशातून वही काढली. त्या क्षणापासून मी तिचा भाचा राहिलो नाही.

पुढची थंडी सुरू झाल्यापासून मी दर शुक्रवारी अब्रा करून तिच्याकडे जायला लागलो. ती सांगायची, मी लिहायचो. वर्ष संपायच्या आठवडाभर आधी चुलीचा देव माशावर बसून वर जातो आणि घरात वर्षभर काय काय झालं त्याची चहाडी करतो. पहिल्या दिवशी झाडू मारायचा नाही, घरातलं नशीब केरासोबत बाहेर जातं. झाडू आदल्या दिवशीच लपवायचा, दिसूही द्यायचा नाही. जो जिथं असेल त्याने घरी यायचं, मेलेल्यांनीसुद्धा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिलं पाऊल. नव्या वर्षाच्या सकाळी उंबऱ्याच्या आत जो पहिला माणूस येईल, त्याच्यासारखं घराचं वर्ष जातं. म्हणून तो आधीच ठरवून बोलवायचा. हसरा असावा, कामधंद्याला लागलेला असावा, आईबाप दोन्ही असावेत, आणि घरात त्या वर्षी कुणी गेलेलं नसावं. ज्याच्या घरी मौत झाली त्याने त्या दिवसांत दुसऱ्याच्या दारात जायचंच नाही. त्याला कुणी सांगावं लागत नाही, तो आपणहून घरात बसतो.

मी कच्ची कथा तिला आमच्या बोलीत सांगून दाखवली. बर्फापाशी ती एवढी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मी म्हटलं, वाचकांना आवडतं. ती म्हणाली, मग वाचकांच्या गावात पाड. पुढं तिने एवढंच विचारलं, की तुझ्या गोष्टीतला पोरगा घरी जातो, तर तू कधी जाणार?

हा प्रश्न मला आवडला नाही. त्याचं कारण होतं. माझ्या अब्बांना पावसाळ्यात लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. चुलतभाऊ पत्र लिहायचा: अब्बा तुझं नाव घेतात, म्हणजे तसा आवाज काढतात, ये. साहेबांनी मला रजा मंजूर केली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावी मी कळवलं की रजा मिळत नाही, साहेब फार कडक आहे. बिचारा साहेब! मी थांबलो होतो ते टेटसाठी. कथेचा शेवट मला डोळ्यांनी बघायचा होता. नवं वर्ष बघून, लगेच ईद करून, पहिल्या बोटीने जायचं असा बेत होता. बापाच्या पायांवर डोकं ठेवणाऱ्या मुलाची गोष्ट नीट जमावी म्हणून मी बापाला थांबवून ठेवलं होतं. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

त्याच हिवाळ्यात मामूंनी बार्जचं काम सोडून पुन्हा जहाज धरलं. वयाला झेपणारं नव्हतं, पण ते जहाज सायगावला लागणार होतं. तिकडं लढाई वाढत होती. मामू मुलीला आणायला गेले होते. ती आता बारा वर्षांची झाली होती आणि यंदा म्हातारी हो म्हणेल, बॉम्ब पडायला लागल्यावर कोणती म्हातारी नाही म्हणेल, असं मामीला वाटत होतं. मामूंचं पत्र महिनाभर नव्हतं. ते वर्ष मामीला नुसतं चांगलं जाऊन चालणार नव्हतं. त्या वर्षात तिची मुलगी यायला हवी होती.

म्हणून पहिलं पाऊल कुणाचं, यावर तिने फार विचार केला. शेजारी एक सिंधी व्यापारी होता, पण त्याची आई नव्हती. अखेर तिने मला समोर बसवलं आणि रजिस्टरात नोंद करून घ्यावी तसं विचारलं. नोकरी पक्की? पक्की. आई? आहे. बाप?

“आहेत,” मी म्हटलं. “आजारी आहेत, पण आहेत.”

“आजारी चालतं,” मामी म्हणाली. “असला म्हणजे झालं.”

मला सांगायला हरकत नाही, मला आनंद झाला. सण कोपऱ्यात बसून बघायचा होता, आता तर सणात मलाच मधोमध उभं केलं होतं. संपादकांना पत्र टाकलं की कथा स्वानुभवावर आधारित असेल.

नव्या वर्षाच्या दोन दिवस आधी ऑफिसच्या डाकेत चुलतभावाचं पत्र आलं. पाकिटावरचा पत्ता वाकडा होता, त्यावरूनच कळलं. अब्बा गेले होते. पत्र निघून सतरा दिवस झाले होते. शेवटी मातीला गाव होतं, माझी वाट बघितली नाही कारण बघून उपयोग नव्हता, असं त्याने सरळ लिहिलं होतं.

माणूस अशा वेळी काय विचार करतो, यावर मी पुढं कथांतून बरंच लिहिलं: डोळ्यांपुढं बालपण येतं वगैरे. मला काय आलं ते सांगतो. मामीची अट आली. बाप असावा. परवा सकाळी माझं पाऊल पडायचं आहे आणि बाप नाही. पत्र हातात धरून मी हिशेब केला की बोट एक दिवस उशिरा आली असती तर मला हे कळलंच नसतं, आणि न कळलेल्या माणसाचं पाऊल अशुभ कसं असेल? मग पुढचा हिशेब: कळलं आहे हे तरी कुणाला ठाऊक आहे? पत्र घडी करून खिशात. त्या दिवशी मी छत्र्यांच्या चारशे खोक्यांची यादी एकही चूक न करता टाइप केली. साहेबांनी शाबासकी दिली.

चाचांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी खाडीच्या दोन्ही काठांवर रडून दाखवलं असतं.

ठरल्या सकाळी फजरची नमाज उरकून मी निघालो. अंगात ईदसाठी शिवलेली शेरवानी, दाढी गुळगुळीत, कानात अत्तराचा फाया. अब्रात मी एकटाच. खाडीचं पाणी राखाडी होतं, आणि मी ते शब्दासाठी बघत होतो: राखाडी म्हणावं की शिशाच्या रंगाचं? शेरवानीच्या आतल्या खिशात पत्र होतं. ते खोलीवर ठेवायचं धाडस झालं नव्हतं, चाचांना दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय होती.

मामी दारात आतल्या बाजूला उभी. हिरवी साडी, आणि चेहऱ्यावर असलं काही की मी क्षणभर थबकलो. परीक्षेच्या निकालाला उभी असलेली माणसं तशी दिसतात. मग मी उजवा पाय उचलला, उंबरा ओलांडला, आणि तिने शिकवलेलं बोललो: घरात बरकत येवो, बाहेर गेलेलं माणूस परत येवो. सुरेख बोललो. आवाज किंचित कापला, तो मी मुद्दाम कापवला की आपोआप कापला, हे मला आजही सांगता येणार नाही.

मामीने डोळे मिटून ‘आमीन’ म्हटलं. मला लाल कागदाची घडी दिली. मग तिने पेटी उघडून त्या वर्षीचे दोन फ्रॉक दाखवले, एक छोटा, एक मोठा, गळ्याला पांढरी लेस. मी लेसची नोंद वहीत केली. तिने विचारलं, बारा वर्षांच्या पोरीला कोणता बसेल? मी म्हटलं, मोठा, इन्शाल्ला.

संध्याकाळी इफ्तारला मला पुन्हा बोलावलं होतं. दोन दिवस आधी फुजैऱ्याच्या बाजूने येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून तिने केळीची पानं मागवली होती. त्यात चिकट तांदूळ, मूगडाळ आणि बोकडाचं मांस घालून, दोऱ्याने आवळून, हातभर लांबीच्या जाड वळकट्या करून त्या दिवसभर उकडल्या होत्या. खजूर, पाणी, आणि मधे ताटात त्या वळकटीचे गोल काप. एक रिकामी वाटी बाजूला मांडलेली. ती कुणासाठी हे विचारायची गरज नव्हती. मगरिबची अजान झाली. मी खजूर तोंडात टाकला, पहिला काप उचलला, आणि दारात चाचांचा आवाज आला.

झालं होतं असं, की दुपारच्या बोटीने आमच्या गावचा एक माणूस उतरला होता आणि पुरसा द्यायला, म्हणजे सांत्वनाला, खोलीवर गेला होता. मी तिथं नव्हतो, चाचा होते. एवढी मोठी बातमी हातात आल्यावर चाचांनी थेट अब्रा पकडली आणि रोजा वाटेतच कसाबसा सोडला. उंबऱ्यातच त्यांनी हात पसरले.

“अरे पोरा, तुझा बाप गेला रे! वीस दिवस झाले. आणि तू इथं मेजवानी खातोस?”

यावर मी काय करायला हवं होतं? मला वाटतं, दचकायला हवं होतं. लेखक माणसाला तेवढं जमायला हरकत नव्हती. एक किंकाळी, हातातला घास खाली, काम भागलं असतं. मामीने मला कवटाळलं असतं. पण मी घास तसाच धरून चाचांकडे बघत राहिलो. त्यांनी माझं गुपित फोडलं याचा मला राग आला होता, आणि तो राग तोंडावर दिसत होता. मामीने तो बघितला. ती आमच्या गावात वर्षभर फक्त तोंडं वाचून जगली होती.

“कधी कळलं?” तिने विचारलं.

“परवा.”

“सकाळी पाऊल टाकलंस तेव्हा ठाऊक होतं?”

“होतं.”

चाचा मधेच काही म्हणायला लागले, तिने हाताने थांबवलं. मग ती खाटेपाशी गेली, वाकली आणि खाटेखालून झाडू काढला. खजुराच्या पात्यांचा, आदल्या दिवशी फडक्यात गुंडाळून लपवलेला. तिने फडकं सोडलं. मला वहीतली ओळ आठवली: पहिल्या दिवशी झाडू दिसूही देत नाहीत.

आतल्या खोलीच्या लांबच्या कोपऱ्यापासून तिने झाडायला सुरुवात केली. घाई नाही, आदळआपट नाही. पेटीखालून, मडक्याभोवतीनं, जिथून जिथून मी सकाळी चाललो होतो तिथून. पिवळ्या कागदाच्या पाकळ्या, खजुराच्या बिया, वाळू, सगळं एका रेषेत पुढं येत होतं. रेष माझ्या पायांपाशी आली तेव्हा मी उठलो. पुढं आली, मी मागे सरकलो. अशी ती मला सतरंजीवरून दाराशी, दारातून उंबऱ्यापलीकडे घेऊन गेली. वर्षभराचं नशीब बाहेर जाईल हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तिला मुलगी हवी होती, आणि तरी तिने झाडलं.

“घरी जा,” ती म्हणाली. मी खाडीकडे वळलो तर म्हणाली, “ते नव्हे. तुझ्या घरी.”

मी गेलो नाही. गेलो ते खोलीवर. चाचा अब्रात शेजारी बसून बापाच्या हक्कांवर बोलत होते आणि माझ्या हातात अजून तो काप होता. भूक लागली होती, मी खाल्ला. चव उत्तम होती.

मामू दोन महिन्यांनी परतले, एकटे. म्हातारी हो म्हणाली होती. नाही म्हणाली ती मुलगी. आजी थकली आहे, तिचं कोण करणार, दर वर्षी आजोबांच्या फोटोपुढं ताट कोण मांडणार, असं तिने या परक्या बापाला गोदीवर उभं राहून सांगितलं आणि आईसाठी लाकडी तळव्यांच्या चपलांचा जोड दिला. जोड मामीला बोटभर लहान होता. म्हणजे त्या बाजूलाही कुणीतरी आठवणीवरून मापं काढत होतं. हे सगळं मामूंनी मला बाजारात भेटल्यावर सांगितलं, घरी बोलावलं नाही. बारा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात जे केलं, त्यावर मी तोपर्यंत बावीस पानं लिहिली होती आणि बर्फ पाडला होता.

कथा दिवाळीला छापून आली. ती बगलेत मारून मी गावी गेलो, हे नजरेतून सुटलं असेल म्हणून पुन्हा लिहितो: अंक बगलेत मारून. अम्मीची इद्दत, म्हणजे विधवेने घरात बसायची मुदत, केव्हाच संपली होती. शाळेचे मास्तर आले, त्यांनी ओटीवर बसून तिला कथा मोठ्याने वाचून दाखवली. मास्तरांचे डोळे भरले. अम्मी तांदूळ निवडत ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, “तो पोहोचला तेव्हा बाप जिता होता?”

“होता,” मी म्हटलं.

“मग बरं,” ती म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.

पुढच्या वर्षी आमची ईद मागे सरकली आणि मामीचं नवं वर्ष उघड्यावर आलं. आता ते झाकायला काही नव्हतं, आणि तिनेही झाकलं नाही. पहिलं पाऊल कुणाचं, तर चाचांचं. आईबाप दोघं हयात, नोकरी पक्की, चेहरा हसरा, अटी पूर्ण. सकाळी त्यांनी माझी शेरवानी मागितली, अत्तरही माझंच लावलं, आणि जाताना सांगून गेले की मामीचा निरोप आहे, दुपारपर्यंत तू खोलीबाहेर पडू नकोस. ढोंगी माणूस माझ्या शेरवानीत अब्रावर चढला आणि मी खिडकीतून बघत राहिलो. सोंग तेच होतं. माझ्याहून त्यांना ते जरा सैल बसत होतं एवढंच.

त्याच्या पुढच्या वर्षीही चाचाच गेले. त्या वर्षी ऐन टेटच्याच दिवसांत सायगावात लढाई शिरली. आम्ही रेडिओवर ऐकलं, घरोघर, गल्लोगल्ली. मुलीचं पत्र पाच महिने नव्हतं. मग आलं: दोघी जिवंत आहेत, घर जळलं, नदीकाठच्या एका नातेवाइकाकडे आहोत, आजी चालत नाही म्हणून मी इथंच. मामूंनी मला ते वाचायला दिलं नाही, नुसतं सांगितलं. मग मीच हिंमत करून शुक्रवारी पलीकडे गेलो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. मामी शिवत बसली होती. फ्रॉक आता फ्रॉक राहिला नव्हता, मोठ्या मुलीचे कपडे झाले होते. तेही दोन मापांत.

तिने वर न बघता म्हटलं, यंदाचं पाऊल तर आईबाप असलेल्याचं होतं, तरी जे व्हायचं ते झालं.

मला वाटलं, सुटलो. म्हणजे दोष माझ्या पावलाचा नव्हता. अडीच वर्षं उरावर ठेवलेलं ओझं खाली ठेवायला मी इतका अधीर होतो, की लगेच विचारलं, “मग पुढच्या वर्षी मी येऊ?”

मामीने दोरा दाताने तोडला.

“नको,” ती म्हणाली. “बाप मेला त्याचं काही नाही, बाप सगळ्यांचे मरतात. तू खोटं पाऊल टाकलंस. ते वेगळं.”

मामी आता नाही. पण पौषातली अमावास्या आली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुपारपर्यंत घराबाहेर पडत नाही. नातवंडांना वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात. कुटुंबाचं म्हणून जे काही कर्तव्य असतं, त्यातलं मी आयुष्यात न चुकता पाळलेलं हे एकच. त्यात काही करावं लागत नाही, म्हणून जमलं असावं.